दार उघडू नका!

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मथळेबुवा एका मारामारीत अडकले होते. मारामारी बाजारातली, तिघांची. दोघे इथले, एक पलीकडचा. रकाना अरुंद होता, मथळ्याला जागा तीनच शब्दांची. बुवांनी फार डोकं शिणवलं नाही. 'पलीकडच्याची बाजारात हाणामारी' असं लिहून मोकळे झाले.

मथळेबुवा हे नाव त्यांना वर्तमानपत्राच्या कचेरीनं दिलेलं. त्यांचा मथळा लोकांच्या तोंडी बसायचा. 'पलीकडचे' हा शब्दही त्यांचाच. शेजारच्या देशाचं नाव लांबलचक, एका रकान्यात काही केल्या मावेना. म्हणून तिथून पोट भरायला आलेल्यांसाठी बुवांनी हा शब्द काढला, आणि वर्षभरात तो भाजीवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या जिभेवर चढला. बुवांना त्याचा मनातून अभिमान होता.

"पुन्हा तोच हो!" फोनवरच्या बाई काचेपलीकडून ओरडल्या. "बोलण्यावरूनच कळतंय, पलीकडचा आहे. तुमचं नाव घेतोय. दाराचं काहीतरी म्हणतोय."

दाराचं म्हणजे काय, ते बुवांनी लगेच ओळखलं. गेल्याच आठवड्यात पहिल्या पानावर त्यांची बातमी होती, ठळक टायपात: 'पलीकडच्यांना दार उघडू नका!' नळ दुरुस्त करायच्या बहाण्यानं कोणी एक चोर घरात शिरला होता. पुढे तो चोर इथलाच निघाला. तो खुलासा सातव्या पानाच्या तळाशी चार ओळींत छापून आला. तेव्हापासून पलीकडच्यांचे तक्रारीचे फोन सुरू होते, आणि ते कसे कटवायचे हे कचेरीत सगळ्यांना पाठ झालं होतं.

"लेखी पाठवा म्हणावं."

"सांगितलं की. ऐकूनच घेत नाही."

"मग ठेवून द्या."

बाईंनी फोन ठेवून दिला. बुवांनी पुढची बातमी ओढली.

चार वाजता पान हातावेगळं झालं. बाई चहाला जाता जाता त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी टाकून गेल्या. "चौथ्यांदा आला होता. निदान पत्ता तरी लिहून घ्या म्हणून हटूनच बसला."

बुवांनी चिठ्ठी उघडली. पत्ता त्यांच्या वडिलांच्या इमारतीचा होता. मजला तिसरा. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: आजोबा दार उघडत नाहीत.

बुवा कसे पोचले ते त्यांचं त्यांना ठाऊक. वडील एकटे राहत. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोर, जिन्याच्या वरच्या पायरीवर एक माणूस बसला होता. केसांत लाकडाचा भुसा, शेजारी हत्यारांची पेटी. भिंतीला लागून असलेल्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेला सुतार. 'त्याच्याशी बोलणं वाढवू नका हं बाबा,' असं बुवांनीच बजावलं होतं. बुवांना पाहताच तो उठला आणि दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून दारापासून बाजूला झाला.

बुवांकडे किल्ली होती. बाबा भिंतीशी जमिनीवर पडले होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात निर्जीव, डाव्या मुठीत काठी. डोळे उघडे होते आणि ते दाराकडे लागले होते. बुवा वळले. दाराच्या आतल्या बाजूला, उभं राहिल्यावर बरोबर बाबांच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, कात्रण चिकटवलेलं होतं. 'पलीकडच्यांना दार उघडू नका!' बातमीखालच्या मुलाच्या नावाला बाबांनी लाल शाईनं रेघ मारली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "झटका दुपारी एकच्या सुमाराचा असणार. लगेच आणलं असतंत तर बोलणं टिकण्याची बरीच आशा होती. आता जीव जाणार नाही. पण बोलतील, असं मला वाटत नाही."

बाहेर बाकावर सुतार बसला होता, हत्यारांची पेटी पायाशी. जिन्यावरून बाबांना खाली आणताना डोक्याकडची बाजू त्यानंच धरली होती. बुवा त्याच्या शेजारी टेकले. आधी सुतारच बोलला.

"एक वाजता काठीचा आवाज आला, साहेब. भिंतीवर. ठक, ठक. मी दाराशी जाऊन विचारलं, आजोबा, काय झालं? तर आवाज थांबला. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. काठी काही वाजली नाही."

बाबा शुद्धीवर होते. दाराबाहेर कोण आहे ते त्यांना बोलण्यावरून कळलं होतं. मुलाचं ऐकून ते गप्प पडून राहिले होते.

"इस्पितळाला फोन केला. म्हणाले, घरच्या माणसाला करू दे. दुपारी इमारतीत कोणी नसतं. जिन्यात आजोबा सगळ्यांना सांगतात, मुलगा पेपरात आहे म्हणून. मला नाही सांगत, पण ऐकू येतं. म्हणून तुमच्याकडे फोन केले."

बुवांना कुठे तोंड लपवावं समजेना. अपराध एकट्यानं पेलवत नाही, माणूस वाटेकरी शोधतो. बुवांची नजर त्या पेटीवर गेली.

"अहो, तुम्ही सुतार ना?" ते जवळजवळ चिडूनच म्हणाले. "हत्यारं जवळ होती. मग दार का नाही उघडलंत?"

सुतारानं वाकून पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"दोन मिनिटांचं काम होतं, साहेब. तीनदा पटाशी हातात घेतली." मग त्यानं मान वर केली. "पण आत आजोबा पडलेले, आणि दार मी फोडलेलं. उद्या तुम्ही मथळा काय दिला असता?"