मागची सीट

"लॉगबुक सोबत नसेल तर विमान जागचं हलणार नाही," म्हणत सरांनी चावी खिशात घातली. आज मी पहिल्यांदा एकटी उडणार होते आणि माझ्या उड्डाणांच्या नोंदींचं ते लॉगबुक घरी फ्रिजवर राहिलं होतं!

घरी होते फक्त सासरे. माझ्या विमानाचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवणारे. नाइलाजाने फोन केला. "बघतो," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

अर्ध्या तासात त्यांची स्कूटर धावपट्टीच्या कुंपणापाशी आली. लॉगबुकात एक बोट खुणेला घातलेलं.

"ही एकटी विमान उडवू शकते, असं लिहून सही केलीय. तुमचीच ना?" त्यांनी सरांना विचारलं.

"माझीच. उगाच करत नाही मी, काका."

सासरे विमानाभोवती एक चक्कर मारून आले. "मागची सीट रिकामीच जाणार?"

"माणूस बसवायला वेगळी सही लागते. त्यासाठी हिला अजून बराच सराव हवा," सर म्हणाले.

त्यांनी लॉगबुक माझ्या हातात ठेवलं. "उद्यापासून हे मी घेऊन येत जाईन," ते म्हणाले. "तुझ्या विसराळूपणापायी ती सही रखडायला नको."