तीन आणि चारच्या मध्ये

"तीन," बाबा म्हणाले, आणि गाडी तिथेच अडकली.

हॉलमध्ये अकरा खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मोजणारे बाबा सोडले तर सगळ्यांचे हात वर. कुणाचे कानाला लागलेले, कुणाचे जेमतेम खांद्यापर्यंत. शिंपीकाकांचा उजवा हात आपणहून वर जायचं नावच घेत नव्हता, म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने मनगटाला धरून, रुसलेल्या पोराला उठवावं तसा उचलला होता.

भिंगरीचे हात मात्र सरळसोट. शाळेच्या योगसंघाची कप्तान होती ती. खुर्चीत बसून योग म्हणजे तिच्या लेखी सायकल स्टँडवर लावून पायडल मारणं. सहामाहीची सुट्टी लागली म्हणून ती बाबांना पोचवायला आली होती, तर वर्ग घेणाऱ्या बाईंनी तिलाही एक खुर्ची ओढून दिली.

एरवी या वर्गात आकडे बाई मोजायच्या. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळायला लागली, की ते काम वर्गातल्या सगळ्यात सावकाश माणसाकडे जायचं. "झाडसुद्धा आता दमानं घेतंय," बाई म्हणायच्या, "आपल्यालाच कसली घाई?" मोजणाऱ्याला कितीही वेळ लागो, दहा होईपर्यंत हात वर. दुखले तर खाली घ्या, मग पुन्हा वर. आज मोजायची पाळी बाबांवर आली होती.

बाबांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. निपचित उजव्या हातावर डाव्या हाताची बोटं टकटक करत राहिली.

हेच बाबा या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. प्रत्येक घोषणा दोनदा, ठणठणीत, धावत येणाऱ्यालाही कळेल अशी. मग झटका आला आणि उजवी बाजू घेऊन गेला, जाता जाता जिभेवरचे शब्दही विस्कटून गेला. तेव्हापासून घराबाहेर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आजचे एक, दोन, तीन हे सात महिन्यांतले पहिले.

कुणीतरी खाकरलं. भिंगरीचे कान तापले. सगळे बघतायत, तिला वाटलं. माझ्या बाबांना साधं चार म्हणता येत नाही, हे सगळे बघतायत.

"चार," ती हसत म्हणाली. मदतीचा हात पुढे करावा तशी. आणि मग तिची जीभ थांबेचना. "पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. झालं."

तिने ऐटीत हात खाली घेतले.

तिनेच. बाकी कुणाचेच हात खाली आले नाहीत.

बाबांनी तोंड मिटून घेतलं.

"बाळ," शिंपीकाका म्हणाले, "तुझी गाडी गेली की पुढे. आम्ही अजून तीनलाच आहोत."

दोघं-तिघं हसली. हसण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच तिला तोंड कुठे लपवावं कळेना.

"मी त्यांना मदत करत होते," ती बाईंना म्हणाली.

"त्यांनी मागितली होती?" बाईंनी विचारलं. रागावून नाही. वेळ विचारावी तसं.

नव्हती मागितली. गेले आठ दिवस रोज सकाळी बाबा न्हाणीघरात नळ सोडून बसत होते, आणि पाण्याच्या आवाजाआडून आकडे ऐकू येत होते. काल तिने दार बडवलं होतं. "बाबा, आत कुणाशी गप्पा चालल्यात? मलाही आंघोळ करायचीय." बाबा ओशाळं हसत बाहेर आले, तेव्हा त्यांचा टॉवेल कोरडाच होता. तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

बाबांनी मान खाली घातली आणि बाईंना हाताने खूण केली, तुम्हीच मोजा.

"नाही हो," बाई म्हणाल्या, "चार तुमचा राहिलाय."

"तर काय," शिंपीकाका म्हणाले. त्यांचा उचललेला हात आता थरथरायला लागला होता. "अर्ध्यात कापलेल्या कापडाची कात्री मी कुणाच्या हातात देत नाही. सावकाश होऊ द्या. मला कुठे घोड्यावर बसायचंय?"

भिंगरीने हात पुन्हा वर नेले. या वेळी ऐट नव्हती.

"मी थांबते, बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नीट ऐकू आला नाही.

खिडकीबाहेर एक पान सुटलं, वाऱ्यावर रेंगाळत खाली गेलं. दुसरं सुटलं. स्पर्धेत पंचांच्या शिट्टीपर्यंत ती सहज हात वर धरायची, पण शिट्टी कधी वाजणार ते तिथे आधीच ठाऊक असायचं. आता खांद्यांत मुंग्या आल्या, कोपरं हलायला लागली. चार तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तिने तो दातांमागे घट्ट दाबून धरला.

बाबांची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली.

"चा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

"चार."

मग त्यांनी एक श्वास घेतला आणि जुन्या सवयीने, शेवटच्या फलाटापर्यंत पोचेल असा, तोच आकडा पुन्हा दिला. "चार."

"दोनदा झाला," कुणीतरी कुजबुजलं.

"होऊ दे," शिंपीकाका म्हणाले.

सगळ्यांचे हात तसेच वर होते. भिंगरीचेही. गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत आलेलं पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.