हिरवं बटण

"कुणाला काही म्हणायचंय?" सुपरवायझरबाईंनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न बघता हिरवं बटण दाबलं.

इस्त्रीचा रोलर घरघरू लागला. तो चालू झाला की शेजारणीनं कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या या खात्यात सगळ्यांची संमती अशीच मिळायची. प्रश्न विचारायचा, बटण दाबायचं, आणि कुणाचीच हरकत नाही म्हणून बाईंनी खुशीत मान डोलवायची.

महिन्यापूर्वी रोलरपुढची पट्टी काढली, तीही अशीच. बोटं रोलरच्या फार जवळ गेली की त्या पट्टीला लागायची आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. सारखं थांबतं, कामाचा खोळंबा होतो, म्हणून बाईंनी ती काढायला लावली. परवा त्यांच्यातलीच एक, सदा हसतमुख म्हणून जिला सगळ्या हसरी म्हणायच्या, तिचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. मनगटापर्यंत भाजला. आणि आज बाई सांगत होत्या, उद्या मोठे साहेब चौकशीला आले की सगळ्यांनी एका सुरात सांगायचं, हसरी गप्पा मारत होती, चूक तिचीच. म्हणजे हात भाजला तिचा, आणि नोकरीवर पाणीही तिनंच सोडायचं!

बायका मुकाट्यानं चादरी उचलू लागल्या. एकजण मात्र जागची हलली नाही.

तिला सगळ्या गुळणी म्हणायच्या, कारण ती सदानकदा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. आधीच्या नोकरीत ती एकदा सगळ्यांच्या विरुद्ध बोलली होती. तिथून सुटेपर्यंत मग जिन्याखाली बसून एकटीनं डबा खाल्ला होता. इथे तिला घोळक्यात जागा होती. खात्यातल्या सगळ्यांत जुन्या काकू तिला आपल्या डब्यातलं आग्रहानं वाढायच्या. हसरी तिची नक्कल करून तिलाच हसवायची. त्या जागेसाठी ती काय वाट्टेल ते गिळत आली होती. आज मात्र गिळवेना. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तरातरा रोलरपाशी गेली आणि तिनं लाल बटणावर मूठ हाणली. घरघर थांबली.

"मला म्हणायचंय," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "हसरी गप्पा मारत नव्हती. पट्टी असती तर तिचा हात वाचला असता. मी साहेबांना हेच सांगणार."

"अगंबाई, गुळणीला वाचा फुटली!" बाई म्हणाल्या. दोघीतिघी फिदीफिदी हसल्याही. "पट्टी काढली तेव्हा दातखीळ बसली होती का गं? धोकाबिका काही नाही त्या रोलरचा. हिच्यासारखं आणखी कुणाला वाटतंय? सांगा ना!"

आता तर रोलरही बंद होता. तरी कुणी चकार शब्द काढला नाही. काकू हातातल्या अभ्र्याची शिवण निरखत राहिल्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच शिवण बघत होत्या. गुळणीनं एकेकीकडे पाहिलं आणि तिला कळून चुकलं, घोळक्यातली जागा गेली. गेली तर गेली खड्ड्यात!

तिनं एक ओली चादर उचलली आणि बाईंच्या हातात कोंबली.

"धोका नाही ना, मॅडम? मग घाला. आम्ही घालतो तशीच, शेवटपर्यंत टोक धरून."

आणि हिरवं बटण तिनंच दाबलं.

बाई तावातावानं पुढे झाल्या. त्यांनी चादरीचं टोक रोलरकडे नेलं. वाफेचा भपकारा तोंडावर आला. बोटं वीतभर अंतरावर थबकली. पुन्हा पुढे गेली, पुन्हा थबकली. मग दोन्ही हात झटकन मागे आले आणि चादर फरशीवर पडली. ते सगळ्यांनी पाहिलं.

रोलर बाईंनीच बंद केला. दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीला त्या म्हणाल्या, "पट्टी बसव ती." मग बायकांकडे न बघताच, "आणि उद्या ज्याला जे सांगायचं ते सांगा." आणि पाय आपटत निघून गेल्या.

मग काय विचारता! सगळ्यांना एकदम कंठ फुटला. ज्या मघाशी हसल्या होत्या त्याच आता सर्वांत पुढे. गुळणीभोवती ही गर्दी झाली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास गं पोरी! अगदी माझ्या मनातलं बोललीस. पट्टी काढली त्या दिवसापासून माझ्या मनात हेच होतं बघ."

"माझ्यापण!"

"अगं, माझ्याही!"

गुळणीनं काकूंचा हात खांद्यावरून खाली काढला. तिचे डोळे भरले होते, पण ते संतापानं.

"मनात माझ्याही होतं, काकू, महिनाभर. आता ते नेऊन हसरीच्या हातावर चोपडू का?"