दोऱ्याची पेन्सिल

धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे सांगणारा प्रोग्राम ती रोज एकेक ओळ टाकून चालवायची. आज हात शिवशिवले आणि तिने त्याची सगळी पॅकेजेस, म्हणजे तो ज्यांच्या आधारावर चालायचा ते तयार भाग, अपडेट केली. आता ओळीओळीला लाल अक्षरांत नकार येत होता. पाणी चढत होतं, साहेब येरझारा घालत होते, खाली पात्रातल्या पंपावर तिचा भाऊ होता. तिने आधी याच खुर्चीवर काम केलेल्या निवृत्त काकांना फोन लावला. “प्रोग्राम चालेना, काका.” “अपडेट केलंस ना? कपाटाच्या दाराला आतून बघ.” तिथल्या कागदावर प्रत्येक पॅकेजपुढे जुन्या आवृत्तीचा आकडा होता. तिने आकडे टाकत जुनी पॅकेजेस बसवली. दरवाजे उघडायची वेळ उमटली, इशाऱ्याचा भोंगा वाजला, भाऊ धावत वर आला. मग कागदाच्या तळाशी तीन हस्ताक्षरांत एकच ओळ दिसली: ‘मीही अपडेट केलं.’ पहिली काकांची. शेजारी दोऱ्याला पेन्सिल लटकत होती.