एका देठाला एक

“देठांनाच थोडेफार बेदाणे लागलेत,” होसियत पुटपुटली, बाजूला बसलेल्या शेजारणीला, तुर्सुनोयला, ऐकू जाईल इतपत. “आमच्या सूनबाईंनी पारखून आणलेत म्हणे. हिच्या आईबापांनीही ही मला अशीच पारखून दिली होती.”

एरवी तुर्सुनोय खुदकन हसली असती. आज तिनं नुसती मान खाली घातली. “असू दे हो, होसियतआपा. निवडा.”

अंगणातल्या चौथऱ्यावर पांढरा दस्तरखान पसरला होता. त्यावर मीठ, रोट्या, हिरवा चहा आणि परातभर बेदाणे. बुधवार होता, संकट सोडवणाऱ्या बीबीचा वार. दुआ म्हणणारी म्हातारी ओतिनबी बीबीची गोष्ट सांगत होती आणि बायका ऐकता ऐकता देठ खुडत होत्या. गोष्ट संपली की देठ वाहत्या पाण्यात सोडायचे. घरातलं संकट त्यांच्याबरोबर जातं. संकट कोणतं, हे मात्र देठ पाण्याला लागेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, असा या ओतिनबीचा दंडक.

होसियतला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिनं सगळं ताडलं होतं.

महिन्यापूर्वी सून नफोसत दवाखान्यात गेली, तेव्हा सोबत म्हणून होसियतलाही घेऊन गेली होती. आलोच आहोत तर तुमचंही रक्त बघून घेऊ, म्हणाली. घरी आल्यावर ते कागद हातात धरून मुलगा एर्किन नळापाशी उभा राहिला, आणि नळ बंद असताना कितीतरी वेळ तोंड धूत असल्यासारखं करत राहिला. मग पेटीमागे एक पिशवी दिसली. आत नवा टॉवेल, साबण, सपाता आणि फलालीनचा लांब बाह्यांचा झगा. होसियतची धाकटी बहीण अशीच पिशवी घेऊन ऑपरेशनला गेली होती. पिशवी तेवढी परत आली.

आणि परवा नवोईहून लेक आली, मुनव्वर. न कळवता. वर्षातून एकदा येणारी, चहा गार व्हायच्या आत उठणारी मुनव्वर दोन रात्री राहिली. झोपली तीही नफोसतच्या खोलीत. दोघी दार लावून कुजबुजत होत्या.

तेव्हाच होसियतच्या काळजात चर्र झालं. बावीस वर्षं जिला येताजाता बोल लावले ती पोर आता जाते की काय? मग एर्किनचं काय? या घराचं काय? पुलाव कोण करील? करपवते, पण करते तर.

म्हणून आज सकाळी तिनं मनाशी एक ठरवलं. बीबीकडे रिकाम्या हातानं मागायचं नाही. आपणही काहीतरी सोडायचं. एका देठाला एक, असे नफोसतचे सगळे गुन्हे माफ करून टाकायचे.

तिनं पहिला देठ खुडला. खारट शोरब्याला माफी. दुसरा, पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसते त्याला. तिसऱ्याला जरा वेळ लागला. सासरा गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला ही चुलीपाशी कुणाशी तरी हसली होती. होसियतनं त्यावरून तिला भर मांडवात उठवून माहेरी पाठवलं होतं. जा, तेही माफ.

मग तिनं परातीतला सगळ्यात जाड देठ शोधून काढला. मूल झालं नाही त्याबद्दल. गल्लीत कुणालाही विचारा, होसियत ते कधी पाठीमागे बोलली नव्हती. जे बोलायचं ते तोंडावर, रोज. देठ चिवट होता, नखानं तुटेना. शेवटी तिनं दातानं तोडला.

“दातानं नका हो, आई,” नफोसत म्हणाली. “देठ उष्टे होतील.”

“माझं उष्टं बीबीला चालतं. तू आपल्या हाताकडे बघ, निम्मे देठ परातीतच राहिलेत.”

हे तोंडातून गेलं आणि होसियतनं जीभ चावली. गुपचूप आणखी एक देठ खुडला, हा कशासाठी ते न ठरवताच.

गोष्ट संपली. ओतिनबीनं दुआसाठी तळवे उघडले, बायकांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या. गल्लीमागच्या कालव्याला पाणी आलं होतं. देठ सोडायचा मान वडीलधारीचा, म्हणून देठ बांधलेलं फडकं होसियतच्या हाती दिलं. कुरकुरत्या गुडघ्यांनी ती काठावर बसली.

“या घरावरचं संकट ने, बीबी,” ती म्हणाली. “जे असेल ते ने. पुन्हा दारात आणू नकोस.”

देठ क्षणभर पाण्यावर गोळा झाले आणि मग पुलाखालून निघून गेले. होसियतला खरंच हलकं वाटलं, छातीवरून कुणी गोधडी काढून घ्यावी तसं. नफोसत रडत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच होसियतनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ झाली.

“आता बोलायला हरकत नाही, पोरी,” होसियत म्हणाली. “कधी आहे ऑपरेशन? मी येते उशाशी बसायला.”

तुर्सुनोय स्वतःच्या सपातांकडे बघत राहिली. ओतिनबीनं तसबी काढली आणि मणी ओढायला लागली.

मुनव्वर पुढे झाली. आईचा ओला हात हातात घेऊन तिनं तो आपल्या रुमालाच्या टोकानं पुसला, एकेक बोट सुटं करून.

“वहिनीला काहीही झालेलं नाही, आई. उद्या एर्किन तुला म्हाताऱ्यांच्या घरी नेऊन सोडणार आहे. कोगोनच्या रस्त्यावर, सरकारी आहे. कायमचं.”

होसियतनं सुनेकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग, बुखाऱ्यातल्या सगळ्या गल्ल्यांना ऐकू जावं अशा आवाजात बोलणारी होसियत, अगदी हळू बोलली.

“म्हाताऱ्यांच्या घरी? मला काय पोटची लेक नाही?”

“आहे ना,” मुनव्वर म्हणाली. “एर्किननं आधी मलाच विचारलं होतं, आई. मी नको म्हटलं.”