फुलांची नावं

"तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, एवढंही कळत नाही तुम्हाला?" प्रमिलाताई कडाडल्या. लेकीला दिवस गेल्याची बातमी नवऱ्याने बागप्रेमींच्या ऑनलाइन गटात टाकली होती.

"अगं, ते कुठे आपल्याला ओळखतात?"

"मग सांगितलंत कशाला?"

पंधरा दिवसांत कळलं, गर्भ टिकला नाही. गटावर मात्र बाळासाठी फुलांची नावं येतच राहिली. "आता कळवा की!" त्या रोज बजावत. नवरा चार शब्द लिहायचा आणि पुसून टाकायचा. शेवटी वैतागून प्रमिलाताईंनीच फोन ओढून घेतला, लिहून टाकलं.

लगेच एका अनोळखी बाईंचं उत्तर आलं. "माझंही एक असंच गेलं. लेक कशी आहे? आणि तिची आई?"

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

नवऱ्याने फोनसाठी हात पुढे केला.

"थांबा हो जरा! बोलतेय ना मी."