दुकानात शहाणं, घरी वेडं

ऋतिकाने केकच्या मशीनची कळ एकच्या आकड्यावर ठेवली आणि मशीन दहावर ठेवल्यासारखं सुसाट सुटलं. मैदा उडाला. तिच्या डोळ्यांत गेला, भिंतीवर गेला, कॅलेंडरवरच्या तारखासुद्धा पांढऱ्या झाल्या. तिने कसाबसा प्लग उपटला आणि तोंडही न पुसता सुजयला फोन लावला.

“तिसऱ्यांदा,” ती म्हणाली. “आता तुम्हीच घरी या. मी मशीन जागचं हलवणार नाही.”

सुजय दुरुस्तीवाला आधीच चक्रावून गेला होता. केकचं पीठ घुसळायचा असला स्टँड मिक्सर त्याच्याकडे कधी आलेला नव्हता. पंधरा दिवसांत तो दोनदा ऋतिकाच्या स्कूटरवर बसून दुकानात आला आणि दोन्ही वेळा तिथे अगदी गुणी पोरासारखा वागला. एकवर हळू, दोनवर जरा जोरात, कुठे म्हणून खोट नाही. पहिल्यांदा सुजयने नुसतं तेलपाणी केलं. दुसऱ्यांदा मनाची समजूत म्हणून वेगाचा बोर्डच बदलून टाकला. घरी नेल्यावर दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा अंगात आल्यासारखं. हा काय प्रकार आहे, दोघांनाही उमजेना.

ऋतिकाला मात्र एक संशय छळत होता. तिच्या सासूबाईंना, तुळसाबाईंना, हे मशीन पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होतं. पहाटे साडेपाचला घरघर सुरू झाली की त्या कानांवर पदर घ्यायच्या. “रेडा आणून बांधलाय घरात,” असं शेजारपाजारच्या अख्ख्या मांडवीला सांगून झालं होतं. वाढदिवसाला ओवाळायचं सोडून मेणबत्त्या कसल्या विझवता, हे आणखी वर. नवरा, ओमकार, नोकरीला मुंबईत, त्यामुळे घरात दोघीच. आणि हल्ली सकाळी मशीनवरचं कापड वेगळ्याच घडीचं दिसायचं. एकदा तर मशीनची पाठ ओल्या फडक्याने पुसलेली होती. आपण तर पुसली नाही, मग कोणी पुसली? आणि ज्याला मशीन नकोच आहे, तो ते पुसेल कशाला? विचार करकरून तिचं डोकं भणाणून गेलं.

कालच तिने फोनवर ओमकारला सांगून टाकलं होतं, “पुन्हा बिघडलं आणि कुणी हात लावल्याचं निघालं, तर मी मशीन घेऊन देवरूखला माहेरी जाते. केक तिथेही खपतात.” ओमकार नुसता हं हं करत राहिला. खरं म्हणजे तिलाही जायचं नव्हतं. पण रोज आपल्याच घरात चोर शोधत कसं राहायचं?

सुजय आला. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन होतं तिथेच ठेवून मागचं झाकण उघडलं. तुळसाबाई दाराशी बसून कोलंबी सोलत होत्या. मान खाली, पण लक्ष सगळं इकडे.

“हात्तिच्या!” सुजय म्हणाला. त्याने चिमट्याने आतून एक तांदळाचा दाणा काढला. मग दुसरा. “वहिनी, ही पट्टी मागे-पुढे सरकते, तेव्हा वेग कमी-जास्त होतो. मागच्या फटींतून आत पडलेले दाणे तिच्यामागे अडकले की ती मागे येतच नाही. मशीन आपलं फुल्ल. आणि स्कूटरवरून नेताना खड्ड्यांत आदळून हे सगळे सांडून जात असणार. मग दुकानात काय दिसणार मला, कपाळ?”

“तांदूळ? अहो, मी तांदूळ घालतच नाही कशात.”

सुजयने मशीन कलतं केलं. वर्तमानपत्रावर भसकन दाणे पडले. एखाददुसरा नव्हे, चांगले चाळीस-पन्नास. सगळे लाल. त्यांच्या मागोमाग हळद पडली, कुंकू पडलं. मागच्या वेळी आत लालसर दिसलं होतं ते आपल्याला केकचा रंग वाटला, असं सुजय पुटपुटला आणि त्याने चटकन हात मागे घेतला.

“वहिनी, मी यात पडत नाही. हे काहीतरी भलतंच दिसतंय.”

ऋतिकाने लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, कुणाच्या उंबऱ्यावर असे लाल तांदूळ सापडले, कुणाच्या दुकानात सापडले. तेव्हा ती हसली होती. आता तसलेच दाणे तिच्या टेबलावर होते. रागापेक्षा तिला वाईटच जास्त वाटलं, कारण सासू तोंडाची तिखट असली तरी मनाची काळी नाही, असं ती आजवर माहेरीही भांडून सांगत आली होती.

“आई, तुम्ही माझ्या मशीनवर करणी केलीत?”

तुळसाबाईंच्या हातातली कोलंबी परातीत पडली.

“अगो, काय बोलतेस काय! करणी करीन मी? तुझ्यावर?” त्यांचा आवाज चिरकला. “पूजा करते मी त्याची. तू आंघोळीला गेलीस की दोन बोटं हळदकुंकू लावते, अक्षता वाहते, आणि तू हसशील म्हणून लगेच पुसून काढते. पोरीच्या हाताला यश दे म्हणते, दुसरं काय मागणार?”

ऋतिकाने वर्तमानपत्रावरच्या ढिगाकडे बोट केलं. “पण आई, एवढे तांदूळ?”

“आधी चारच दाणे वाहायचे गो,” तुळसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पण ते बिघडायला लागलं. मला वाटलं, माझीच पूजा कमी पडतेय. म्हणून मग चिमूटभर वाहिल्या, आणि परवापासून ओंजळभर.”